बडेबाबूंचा आरसा

डोक्यावर औषधालाही केस नसलेला माणूस रोज सकाळी दहाच्या ठोक्याला आरसा पुसतो, हे दृश्य आमच्या आर्णीच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. बडेबाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्कच्या, टेबलासमोर लोखंडी कपाट होतं आणि त्यावर वीतभर आरसा टांगलेला होता. बडेबाबू तो रुमालाने पुसत, मागे कागदाची घडी सारून किंचित कलता करत आणि मगच पहिली फाइल उघडत. माझं मत असं, की गेलेल्या केसांची आठवण काढत असतील. शिपाई रशीदभाईंचं मत जास्त गंभीर होतं. "सब दिखता उसमें, मॅडम. मागं कोन काय करून राह्यलं, सगळं." त्यामुळे मी मोबाइल नेहमी टेबलाखाली धरून बघायचे.

ऑफिस एका बियाणं कंपनीचं. सोयाबीन उगवलं नाही, कपाशी मर लागून गेली, अशा तक्रारी आम्ही नोंदवून घेत असू. मी उमरखेडहून नवीन आले तेव्हा मला कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यातलं टेबल मिळालं. भरदुपारी तिथे ट्यूबलाइट लावावी लागे. दिवस आहे की रात्र तेही कळत नसे आणि तीन वाजले की कपाळ ठणकायला लागे. तीन आठवड्यांत मी राजीनामा लिहायला घेतला. तेव्हा बडेबाबू खिडकीजवळ बसत. बाहेरच्या निंबाची एक फांदी त्यांच्या रजिस्टरवर सावली धरून असायची. ते उठून माझ्यापाशी आले आणि कागदात डोकावले.

"राजीनामा कायले लिहून राह्यली पोरी? आधी टेबल बदलून पाय."

"कोणतं टेबल?"

"माहं घे. मले खिडकीत बसलं का झोप येते. साहेबानं पाह्यलं तं नोकरी जाईन."

मी भाबडी, मला ते खरंच वाटलं. त्याच दिवशी आमची अदलाबदल झाली. डोकेदुखी आठवड्यात गेली आणि राजीनाम्याच्या पाठकोऱ्या कागदावर मी तक्रारी उतरवून घेऊ लागले. बडेबाबू कोपऱ्यात गेले, पुढच्या बाजाराला त्यांनी तो आरसा आणला आणि वर सांगितलेली मतं तयार झाली.

ऑफिस कसं असावं याबद्दल त्यांचे स्वतःचे कायदे होते. तेलाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी कोरफड, तुळस, मनीप्लांट लावलेलं. ऊन सरकेल तसे ते डबे आणि आमची टेबलंसुद्धा सरकवत. दारापाशी माठ आणि बाकडं. तक्रार घेऊन आलेला शेतकरी दारातूनच आवाज चढवत आला, की बडेबाबू त्याला म्हणत, "आधी बसा, पानी प्या, मंग भांडा." तुळशीजवळ बसून दोन गडवे पाणी प्यायलेला माणूस भांडायचा, पण बेताने. एकदा एक गृहस्थ तर भांडायचं विसरून कोरफडीचा फुटवा मागून घेऊन गेले. त्यांची तक्रार आम्हीच आठवणीने नोंदवली.

एका मे महिन्यात बडेबाबू आठ दिवस गावी, फुलसावंगीला गेले. जाताना झाडांकडे लक्ष ठेवायला सांगून गेले. आता यवतमाळ जिल्ह्यातला मे म्हणजे काय ते सांगायला नको. मी सकाळी पाणी घालायचे. रशीदभाई मला न सांगता दुपारी घालायचे. बाकड्यावर बसणारे शेतकरी तर उन्हात पीक पाहून आलेले, तेही गडव्यात उरलेलं पाणी मायेने ओतून जायचे. बडेबाबू परतले तेव्हा कोरफड मुळापासून सडली होती. आम्ही दोघं माना खाली घालून उभे. त्यांनी ती बोटाने दाबून पाहिली.

"उनानं नाही गेली," ते म्हणाले. "लाडानं गेली."

आणि मग डबा उपडा करून, तळाला खिळ्याने चार भोकं पाडून नवी लावली.

मग यवतमाळहून नवे साहेब आले. ऑफिस कंपनीला शोभेसं करायचं त्यांनी मनावर घेतलं. एसी बसला. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला प्लायवूड ठोकलं आणि त्यावर प्लास्टिकची वेल सोडली. रशीदभाईंनी सवयीने दोन दिवस तिलाही पाणी घातलं. माझं कपाळ पुन्हा ठणकायला लागलं. प्लायवूड ठोकलं त्याच दिवशी बडेबाबूंनी आरसा काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तेव्हा मला वाटलं, रुसले.

पण ते रुसून बसणारे नव्हते. त्यांनी साहेबांना चहाला बोलावलं, तेही दुपारी दोन वाजता, आमच्याकडे लाइट जायची वेळ साधून. लाइट गेली. एसी बंद, अंधार, दहा मिनिटांत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. बडेबाबूंनी त्यांची खुर्ची उचलून बाहेर निंबाखाली नेली आणि माठातलं पाणी दिलं. साहेब तिथे तासभर बसले. उठताना म्हणाले, "बडेबाबू, हे झाड आत घेता येईल का?"

"झाड कायले? प्लायवूड काढा, थे येते आपोआप."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. आरसा पुन्हा कपाटावर गेला.

गेल्या चैत्रात बडेबाबू निवृत्त झाले. नारळ घेतला, प्रत्येक डब्यावरून हात फिरवला आणि फुलसावंगीच्या गाडीत बसले. चार दिवसांनी एक जुनं रजिस्टर शोधायला मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि सहज मान वर केली.

आरशात माझं तोंड नव्हतं. रशीदभाई नव्हते, माझं टेबलही नव्हतं. त्या कलत्या आरशात माझ्या पाठीमागच्या खिडकीचा वरचा भाग तेवढा होता आणि त्यात फुलांनी भरलेला निंब, हलणारा. एवढी वर्षं तो माणूस अंधाऱ्या कोपऱ्यात बसून वीतभर झाड बघत होता आणि मी मोबाइल लपवत होते. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू?

मी फोन लावला. "बडेबाबू, आरसा राहिला तुमचा."

"राहू दे पोरी. अठी मले खिडकीच खिडकी हाय."

झोप येते का, विचारलं, तर फोनवर नुसते हसले.

त्यांच्या जागी नवीन मुलगी आलीय, ढाणकीची. कोपऱ्यात बसते. काल तीनच्या सुमाराला ती दोन बोटांनी कपाळ दाबत होती. आरसा मी पुसून ठेवलाय. उद्या तिला सांगणार आहे, की मला हल्ली खिडकीत बसलं की फार झोप येते.