न दिलेला बोकड

बायको धंतोलीच्या दवाखान्यात पडली तेव्हा मी देवीले, मातामायले, बोकड कबूल केला. आणूनही ठेवला. ती बरी होऊन आली की द्यायचा. पण डॉक्टरनं हात टेकले, तसा धाकटा भाऊ म्हणाला, आधीच देऊन टाक.

दवाखान्यात एक ख्रिस्ती सिस्टर होती. औषध देता देता बायकोले येशूचं सांगे. देवानं आपला पोरगाच दिला, सगळ्यांच्या पापापायी तो एकदाच बळी गेला, आता कोणाचं रक्त लागत नाही. बायकोनं धर्म बदलला नाही. पण मले म्हणाली, "तो बोकड कापू नका."

"काहून?"

"झाला ना बळी एकदा."

मले रागच आला. "तो तुह्यासाठी मेला, तर तू काहून मरून राहिली?"

हसली. "मरण कोणाचं चुकते जी? भेव गेलं माझं."

त्याच आठवड्यात ती गेली. तिचं भेव माझ्या मानगुटीवर बसलं.

तेरवीची पंगत उठली आणि भावानं बोकडाचं दावं सोडलं. "मातामायच्या तोंडचं काढलं गा तू. वहिनी गेली. आता तुह्या पोरीचं पहिलं बाळंतपण आहे."

"दावं ठेव."

"सिस्टरच्या देवानं वाचवलं का वहिनीले?"

"नाही वाचवलं. पण तिनं शेवटचं हेच मागितलं. ठेव म्हणतो ना!"

दावं फेकून तो गेला.

मग मले घरात बसवेना. बोकडाले चारा टाकू आणि त्याच्यावरच खेकसू. मेलेल्या बाईले काय कळते, देऊन टाकावा, असं वाटे. दावं धरून फाटकापर्यंत जाऊ, परत येऊ. शेवटी सिस्टरकडे जाऊन विचारलं, ज्यानं येशूले कधी हात जोडले नाहीत, त्याच्यासाठीही तो मेला का?

"सगळ्यांसाठी, काका."

"हे मातामायले माहीत आहे का?"



पोर दिली होती उमरेडले. तिच्याकडे फोन नव्हता. दिवस भरले तसा मी रोज एस.टी. स्टँडवर जाऊन उमरेडच्या गाड्या पाहू लागलो. एका दुपारी गाडीतून जावई उतरला. त्यानं तोंड उघडायच्या आत मी ओरडलो, "जिवंत आहे ना?"

"आहे ना, मामाजी! पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मी तिथंच हात जोडले. आता नाव कोणाचं घ्यावं, ते सुचेना. उतरणारे मागं खोळंबले होते. कंडक्टर खेकसला, "दारातून सरका ना गा!"