हाँगकाँगचे पऱ्हे

हाँगकाँग आणि त्याच्या जवळचं एक निवांत बेट फिरून, पाठीवर सॅक घेऊन मी तुमसरहून बपेऱ्याला गावी निघालो होतो. वाटेत एसटीत धानाच्या रोवणीहून परतणारी एक बाई चढली आणि शेजारी बसली. पायांवर चिखल वाळलेला, बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडलेली.

“कुठून येऊन राहिले, भाऊ?”

मी फोन पुढे केला. तिनं आधी पदराला हात पुसले. फोटोत आभाळ झाकून टाकणारी इमारत होती, नुसत्या खिडक्याच खिडक्या.

“हे तर पऱ्हे होय,” ती म्हणाली. “धानाचे रोपं आधी असेच दाट वाढवा लागते. मंग उपटून मोकळे रोवाचे. उशीर झाला का पिवळे पडते.” मग हळूच म्हणाली, “माहा पोरगाबी पुण्याले अशाच इमारतीत राह्यते.”

आठ दिवस मी त्या शहरात आ वासून हिंडलो होतो. मला हे दिसलं नव्हतं.

मी बेटाचा फोटो दाखवला. रिकामा किनारा, एकच घर. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग त्या मोकळ्या वाळूवर तिनं अंगठा टेकवून हलकेच दाबला, रोप रोवताना दाबतात तसा.