फुफाट्याचे दोन शेवट

सुभाबाईंचा फोन सकाळी कधीच येत नाही. सकाळी त्या पांजरपोळात शेण काढत असतात, हात भरलेले असतात. त्यामुळे पुण्यात कॉलेजच्या स्टॉपवर उभी असताना स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा समोर आलेली बस सोडून मी फोन उचलला. "रिद्धीताई, बाई आज आल्या न्हाईत वो. चहा गार झाला त्यांचा…" एवढंच बोलल्या. मी पप्पांना फोन लावला, तर पप्पा फोनवर रडायलाच लागले. विमलभुवा रात्री झोपली ती उठलीच नाही. काही आठवडे झालेत या गोष्टीला, आणि मला अजून दर थोड्या वेळानं तिला काहीतरी सांगायचं असतं. म्हणून हे लिहितेय. जमेल तसं, भराभरा, कारण थांबले की रडू येतं.

भुवा म्हणजे आत्या. आमच्या मारवाडी जैन घरात आत्याला भुवा म्हणतात. नारायणगावात आमचं कापडाचं दुकान आहे, तिथं दुपारभर साड्यांच्या घड्या घालत बसणारी, गिऱ्हाइकाला "वहिनी, हा रंग तुम्हाला नाय शोभत" असं तोंडावर सांगून धंदा बुडवणारी माझी भुवा ड्रॅगनच्या गोष्टी लिहायची. मराठीत! नारायणगावात बसून! तिची तीन पुस्तकं आली, मुलांनी वाचून वाचून त्यांची पानं सुटली, आणि मला कुणीही विचारलं की सांगताना अजूनही ऊर भरून येतो. तिच्या ड्रॅगनचं नाव फुफाटा. जुन्नरला एका शाळेत एका पोरानं तिला विचारलं होतं, "तुमचा ड्रॅगन माणसं का नाही खात?" भुवा म्हणाली, "बाळा, तो जैनांच्या घरी वाढलाय. सूर्य मावळायच्या आत जेवतो, आणि कांदा-लसूण खाल्लेला माणूस त्याला चालत नाय." शिक्षकांसकट सगळे हसत सुटले.

पण ड्रॅगन सुचला कुठून, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असायचं. लोकांना वाटायचं, सिनेमे बघून. खरं सांगू? तिनं एकही बघितला नव्हता. मी एकदा लॅपटॉपवर लावून दिला तर पहिल्याच लढाईला उठून गेली. "एवढं मोठं जनावर, आणि त्याला खायला-प्यायला कोण घालतं ते दाखवतच नायत!" तिचा पहिला ड्रॅगन एक घोरपड होती. उसाच्या कडेला तारेच्या जाळीत अडकलेली. वनखात्याची माणसं येईपर्यंत भुवा तिच्यापासून थोडी लांब उकिडवी बसून राहिली, तिच्यावर पदराची सावली धरून. भीतीनं तिला घाम फुटला होता, पण नजर हटत नव्हती. त्या खवल्यांखाली श्वास वर-खाली होताना बघितला, आणि घरी येऊन म्हणाली, "रिद्धी, खवल्याचं जनावरपण घाबरतं गं." तिथून फुफाटा सुरू झाला. घाबरणारा ड्रॅगन.

वारूळवाडीच्या पुढे आमच्या समाजाचा पांजरपोळ आहे. म्हातारी, अधू, कुणाला नको असलेली जनावरं तिथं मरेपर्यंत सांभाळतात. भुवा रोज सकाळी तिथं जायची आणि तिचं सगळं लेखन तिथंच व्हायचं. लेखन म्हणजे काय, ती बोलायची आणि मी सुट्टीला आले की मोबाइलवर टाइप करायचे. तिचे हात मलमानं भरलेले असायचे ना! एका हातात कापूस, एका हातात चिमटा, आणि तोंडानं, "फुफाट्यानं मान वळवली… थांब, वळवली नको, कलवली लिही." मी इतकी भराभर टाइप करते की ती चिडायची. "अगं राणी, मला विचार तरी करू दे! माझ्या पुढं पळतीस की तू!"

तुफान आला तेव्हा थंडी होती. निमगाव सावाचा शर्यतीचा बैल, एका जमान्यात बैलगाडा धावतो त्या घाटात धूळ उडवणारा. शिंगाला कॅन्सर झाला आणि शिंग कापावं लागलं. मालकानं स्वतः आणून सोडला आणि मागं न बघता गेला. सकाळच्या गारठ्यात तुफान फुरफुरला की नाकातून वाफेचे लोट निघायचे. भुवानं माझा दंड इतका घट्ट धरला… "बघितलास? बघितलास ना?" बघितला होता. एका शिंगाचा, धूर सोडणारा फुफाटा आमच्या समोर उभा होता, आणि चौथं पुस्तक त्याच दिवशी सुरू झालं. कापलेल्या शिंगाच्या जागी जखमेत अळ्या झाल्या, तर भुवा त्या एकेक चिमट्यानं काढून सावलीत ओल्या शेणाच्या गोळ्यावर ठेवायची. मारायची नाही. जुन्नरचे जनावरांचे डॉक्टर मोमीन, तिचे जुने भांडणमित्र, कपाळाला हात लावायचे. "विमलताई, त्यांच्यासाठी पण एक वॉर्ड काढा की." भुवा म्हणायची, "काढते. व्हिजिटला तुम्हीच यायचं." चौथ्या पुस्तकात फुफाट्याच्या खवल्यांखाली बारीक किड्यांचं एक गाव राहतं, ते इथूनच आलं.

आणि मग तुफान बसला. जनावर एकदा बसलं आणि उठेना झालं की अवघड असतं. सुभाबाई आणि भुवा त्याला कुशीवरून कुशीवर वळवायच्या, खाली उसाचं पाचट घालायच्या. डॉक्टर एका सकाळी हळू आवाजात म्हणाले, "ताई, हा उठणार नाही. हाल होतायत त्याचे. इंजेक्शन देऊन मोकळं करू." भुवा त्याच्या अंगाखालचं पाचट सारखं करत राहिली. आमच्याकडे ते करत नाहीत, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला डळमळताना बघितलं. "आपण सांभाळतोय, का छळतोय गं?" तिनं मलाच विचारलं.

त्याच आठवड्यात तिनं फुफाट्याचं मरण सांगितलं. एका बैठकीत, न थांबता. मी टाइप करताना रडत होते, स्क्रीन दिसत नव्हती. काय प्रकरण होतं ते! पुण्यातल्या संपादकांना पाठवलं, त्यांचा लगेच फोन, "विमलताई, हे तुमचं आजवरचं सर्वोत्तम."

आणि तुफान उठला. कसा? सुभाबाईंच्याच शब्दांत: "शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं आन् ह्याच्या म्होरचा मका खायला लागली. ह्ये येडं रागानं उठलं की! लई भांडखोर!" भुवा इतकी हसली, इतकी हसली, मग पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "ते प्रकरण खोडून टाक."

मी भांडले. चांगलीच भांडले. "भुवा, अगं ड्रॅगन वेगळा, तुफान वेगळा!"

"तुला वेगळे दिसतात. मला नाय दिसत."

"पण ते किती सुंदर आहे!"

"तेच तर," ती म्हणाली. "इकडं तो श्वास घेत होता, आणि मी तिकडं त्याचं मरण सजवत बसले. सजवत, रिद्धी! शब्द शोधत होते चांगले चांगले. मनानं तर मी त्याला मारूनच टाकला की."

मग तिनं दुसरा शेवट सांगायला घेतला. एक लहान ड्रॅगन फुफाट्याचा चारा पळवतो आणि फुफाटा चिडून उठतो. साधा, गमतीचा, अर्धाच झालेला. "अजून नाय जमला. बघू," म्हणाली. संपादकांना तो पचेना, तिला पहिला सोसेना. आणि त्या बघू-बघूत ती गेली.

दोन्ही शेवट माझ्या मोबाइलवर राहिले. संपादक सांत्वनाला फोन करून म्हणाले, "पहिलाच घेऊ या. आता तर त्याला वेगळाच अर्थ आलाय. वाचक ढसाढसा रडतील." खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. तिचं सगळ्यात चांगलं लिहिलेलं जगासमोर यावं, असं कुणाला नाही वाटणार?

त्यानंतरच्या रविवारी पांजरपोळात गेले तर तुफान कुणाला जवळ येऊ देत नव्हता. भुवा गेल्यापासून शिंगाची पट्टी बदललेली नव्हती. माश्या घोंगावत होत्या. डॉक्टर मोमीन चिमटा घेऊन उभे, आणि तुफान डोकं झटकतोय, झटकतोय… "परत किडे पडतील, आणि या खेपेला मेंदूकडं जातील," डॉक्टर म्हणाले. सुभाबाई माझ्याकडं वळल्या. "कायतरी बोला वो ताई. बाई बोलायच्या तवा ह्यो गप ऱ्हायचा. त्याला त्याची सवय हाय."

मी मोबाइल काढला, पहिली फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "त्या सकाळी फुफाट्यानं डोळे उघडले नाहीत…" तुफाननं कान माझ्याकडं वळवला. मान खाली आणली. ऐकायला लागला.

मला पुढचं वाक्य वाचता येईना. त्याच्या तोंडावर कसं वाचू ते?

दुसरी फाइल उघडली. चारा पळवणारा लहान ड्रॅगन आला तशा सुभाबाई खुदकन हसल्या, "ती म्हसच हाय ही!" डॉक्टरांनी जुनी पट्टी सोडवली, पाणी घातलं, कापूस फिरवला, आणि तुफान शेपटीसुद्धा न हलवता उभा. मग लिहिलेलं संपलं. ड्रेसिंग अर्धंच झालेलं. डॉक्टर वर न बघता म्हणाले, "थांबू नका, थांबू नका, पुढं?" तेव्हा मी बोलायला लागले. फुफाटा उठून ओढ्यावर गेला, पाणी प्यायला, त्याला ऊन लागलं… सुचेल ते. पट्टी बांधून होईपर्यंत बोलत राहिले.

आता दर रविवारी जाते, दावणीशी उभी राहून बोलते, आणि डॉक्टर आपलं काम करतात. संपादकांना मी त्याच संध्याकाळी दुसरा शेवट पाठवला, मला सुचलेल्या ओळींसकट. त्यांचा फोन आला. जरा नाराज होते. म्हणाले, "रिद्धी, हे संपल्यासारखं वाटत नाही."

"हो सर," मी म्हटलं, "उभा आहे अजून."