साईटची वाटणी

माझ्या दोन भावांची वाटणी झाली तेव्हा मी तिथंच होते, पण आत, स्वयंपाकघरात चहा गाळत. लग्न झालेल्या बहिणीनं भावांच्या वाटणीत तोंड घालायचं नसतं, असं आईनं आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं. बाहेर सोप्यात मामा मध्यस्थ म्हणून बसले होते. आमचा धंदा चटणीचा. बाहेरगावची माणसं जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तिला आम्ही कोल्हापुरात नुसतं चटणी म्हणतो. शहरातलं दुकान थोरल्याला, म्हणजे दादाला गेलं. कोडोलीतलं घर आणि मिरची कांडायचा डंक धाकट्याला. टेंपो, पातेली, वजनकाटे, सगळ्याचं ठरलं आणि शेवटी उरली वेबसाईट. पुण्या-बेंगळुरूच्या ऑर्डरी तिच्यावरनं यायच्या, त्यामुळं ती दोघांनाही पाहिजे होती. मामांनी जन्मात कधी वेबसाईट उघडलेली नाही, पण वाटण्या ढीगभर केल्यात. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? ज्यानं केली त्याला सांगा, तसलीच आणि एक करून दे म्हणावं. दोघांस्नी सारखी. मिटलं भांडाण."

आणि खरंच तसं केलं की. साईटवाल्यानं जुनी साईट दादाकडं ठेवली, तिची हुबेहूब नक्कल काढली, दुकानाच्या नावापुढं एक शब्द चिकटवून नवा पत्ता घेतला आणि ती धाकट्याच्या हातात दिली. तेच फोटो, तोच मजकूर, फक्त फोन नंबर वेगळा.

आता मी पोटासाठी काय करते? लोकांच्या वेबसाईट सर्चमध्ये का सापडत नाहीत ते शोधते आणि नीट करून देते. इथं कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या घरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत, कुठल्या कुठल्या गावच्या साईट दुरुस्त करते. आणि माझ्याच माहेरच्या साईटची वाटणी होताना मला कुणी शब्दानं विचारलं नाही. खरंच नक्कल काढून दिली हे नंतर कळलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की नवरा निमूट उठून भाजी आणायला गेला. म्हटलं, ठीक आहे, तुमचं तुम्ही बघा.

वर्ष गेलं. त्या वर्षात धाकटा टेंपोत पोती चढवताना पडला, कंबरेचं ऑपरेशन झालं आणि त्याला वजन उचलायची बंदी झाली. डंक, चटणी, घर, सगळं धाकट्या वहिनीवर आलं. इकडं दादाच्या मुलीचं लग्न ठरलं, उन्हाळ्यातलंच. मी साड्यांच्या विचारात होते आणि एका दुपारी धाकट्या वहिनीचा फोन आला.

"ताई, आधीच सांगून ठेवते. आमी लग्नाला यायचो न्हाय."

"का गं? काय झालं?"

"फोनवर चटणी म्हणून टाका, न्हाईतर आमच्या साईटचं आख्खं नाव टाका. भावजींचंच येतंय. आमचं कुठं नावाला बी न्हाय. वरीस झालं, एक गिऱ्हाईक त्या साईटवरनं आलेलं न्हाय. साईटवाला त्यांच्या वळखीचा. त्याला पैसं चारून आमचं दाबून ठेवलंय. हे हितं आडवं पडल्यात आणि सख्ख्या भावानं पोटावर पाय दिला. त्या मांडवात कुठल्या तोंडानं हुबं ऱ्हायचं?"

"धाकटा काय म्हणतोय?"

"ते काय म्हणत्यात? त्यांनी बोलायचंच सोडलंय."

मी फोन ठेवला. दुसरी कुणी असती तर तिनं हे हसून सोडून दिलं असतं. पण मला या धंद्यातलं कळतं. एखादी साईट सर्चपासून लपवता येते, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एक ओळ लिहिली की झालं. साईटवाल्याच्या हातात दोन्ही साईटच्या किल्ल्या होत्या. म्हणजे वहिनी म्हणते ते होऊ शकत होतं. आणि तसं झालंच असेल, तर ते शोधून काढणारी मीच. मग मी काय करणार होते? दादाला सोडू की धाकट्याला? माझं माहेरच संपलं असतं. रात्री भात पुढ्यात घेऊन बसले आणि तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि कोडोलीला गेले. लांबूनच डंकाचा आवाज येत होता. दारात पोचले तोवर मिरचीनं शिंका सुरू झाल्या. वहिनीनं डंक बंद केला, तोंडावरचा रुमाल सोडला आणि मला आतल्या खोलीत नेलं. धाकटा कॉटवर कुशीवर झोपला होता. "आलीस?" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडं बघत राहिला. मी लॅपटॉप उघडला आणि साईटचा पासवर्ड मागितला.

माझी एक ठरलेली रीत आहे. आधी बघायचं, साईटनं सर्च इंजिनाला दारातच अडवलंय का. एक छोटी फाईल असते, तिच्यात लिहिलेलं असतं, कुणाला आत येऊ द्यायचं आणि कुणाला नाही. ती उघडली. त्यात काही नव्हतं. सगळ्यांना दार उघडं. मग बघितलं, पानांवर 'मला यादीत घेऊ नका' असा शिक्का कुणी मारलाय का. तोही नव्हता. माझा जीव थोडा भांड्यात पडला, पण पुरता नाही. मग साईट सर्चमध्ये नाही का? वहिनी दाराला टेकून उभी होती आणि माझ्या तोंडाकडं असं बघत होती, जणू मी डॉक्टर आणि माझ्या हातात तिचा रिपोर्ट.

मग मी पानाचं पोट उघडलं. म्हणजे गिऱ्हाइकाला दिसत नाही तो आतला मजकूर. त्यात वरच्या बाजूला एक ओळ सापडली. ही ओळ फक्त सर्च इंजिनासाठी असते. एकच मजकूर दोन पत्त्यांवर असला तर त्यातलं मूळ पान कुठलं, हे ती सांगते. धाकट्याच्या साईटवर त्या ओळीत पत्ता होता दादाच्या साईटचा. दुसरं पान उघडलं, तेच. तिसरं, तेच. प्रत्येक पान सर्च इंजिनाला सांगत होतं, मी नक्कल आहे, मूळ तिकडं आहे, तिकडं जा. आणि ते बिचारं सांगितलं तसं तिकडं जात होतं.

मग दादाची साईट उघडली. तीच ओळ, त्याच जागी, त्याच पत्त्यासकट. तिथं ती बरोबर होती, स्वतःचाच पत्ता होता तो. साईटवाल्यानं नक्कल काढताना फोटो, मजकूर यांच्याबरोबर ती ओळही उचलली होती आणि बदलायची विसरला होता. संपलं. एवढंच. मामांच्या 'दोघांस्नी सारखी'मधली ती एक ओळसुद्धा सारखीच निघाली होती. मी मोठ्यानं हसायला लागले. धाकटा मान वळवून बघायला लागला.

"कुणी काही केलेलं नाही," मी म्हणाले. "साईट वाटली त्या दिवसापासनं हे असंच आहे."

वहिनी जवळ आली. "म्हंजे आमचीच साईट सांगती व्हय, आमचं बघू नका, त्यांचं बघा म्हणून?"

"व्हय."

"आणि भावजींनी?"

"अगं, दादाला अशी ओळ असते हेच ठाऊक नाही. त्याला स्वतःच्या फोनचा पासवर्ड बदलता येत नाही. त्यासाठी माझ्याकडं येतो आणि वर मलाच सांगतो, तुझं काम म्हणजे नुसतं बसायचं."

कॉटवरनं धाकट्याचा आवाज आला. "नक्की?"

"नक्की."

"परत एकदा बघ."

मी परत बघितलं. त्याच्यासाठी अगदी पहिल्यापासनं, एकेक पान, मोठ्यानं वाचत. वाचून झाल्यावर त्यानं डोळ्यांवर हात आडवा घेतला. वहिनी डंकाकडं निघून गेली, पण डंक काही सुरू झाला नाही.

ओळ बदलायला फार वेळ लागला नाही. सगळ्या पानांना एकच साचा होता, साच्यात त्यांचा स्वतःचा पत्ता घातला की काम झालं. पण तेवढ्यानं भागत नाही. दोन्हीकडं शब्दाला शब्द तोच मजकूर असला तर सर्च इंजिन दोनदा कशाला दाखवेल? मी वहिनीला म्हटलं, आता तुझ्या चटणीचं तूच सांग, मी लिहून घेते. ती आधी लाजली. मग सुरू झाली ती थांबेना. मिरची कुठली घ्यायची, खोबरं किती भाजायचं, लसूण सोलून का न सोलता, आणि थोरल्या जावेच्या चटणीपेक्षा आपली कशी वेगळी. जावेचं नाव निघालं तसं मी म्हटलं, ते राहू दे. मथळ्यात मी 'कांदा-लसूण मसाला' लिहिलं तर बाई तापली.

"मसाला कोण म्हणतंय वं? चटणी म्हणा की."

"तू म्हणतेस चटणी. पुण्यातली बाई मसाला म्हणून शोधते. तिला तू सापडायला नको?"

"मग तिला बी चटणी म्हणायला शिकवा."

शेवटी दोन्ही शब्द घातले आणि आमचं मिटलं. फोटोही नवे काढले. अंगणात सुपात वाळत घातलेली मिरची, डंक, वहिनीचे तिखटानं लाल झालेले हात. मग सगळ्या पानांची नवी यादी सर्च इंजिनाकडं पाठवली, ही पानं आता नव्यानं येऊन बघा म्हणून. त्यानंतर करायला काही नसतं. वाट बघायची. माझ्या धंद्यात लोकांना हेच पटत नाही आणि वहिनीला तर मुळीच पटलं नाही. रोज फोन. "आलं का वं?" न्हाय अजून. "आज?" न्हाय.

आणि एका सकाळी मी चहा ठेवता ठेवता फोनवर शोधलं, तर आलं होतं. वर दादाची साईट आणि तिच्याखाली थोड्या अंतरावर धाकट्याची. शेजारच्या फोटोत वहिनीचे लाल हात दिसत होते. मी लगेच फोन लावला.

"खाली हाय की पण," ती म्हणाली.

"बाई, वरीसभर दिसत नव्हतीस. आजच दिसायला लागलीस, लगेच वर जाऊन बसायचंय?"

ती खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. मग म्हणाली, "ताई, मला दुकानात घेऊन चला. भावजींना सांगायचं हाय."

मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? त्याला यातलं काही माहीत नाही. त्याच्या मनात काही नाही, तुझ्याही मनातलं गेलं. गप लग्नाला ये आणि जेवून जा. पण ती ऐकेना. "न्हाय. वरीसभर मनात त्यांना शिव्या दिल्यात. तोंडावर बोलल्याबिगर मला घास उतरायचा न्हाय." एकदा तिनं धरलं की धरलंच. झक मारत गेले तिला घेऊन.

दादा दुकानात एकटाच होता. थोरली वहिनी बस्त्याच्या खरेदीला गेली होती. तो एका गिऱ्हाइकासाठी काट्यावर चटणी तोलत होता. धाकट्या वहिनीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि गिऱ्हाईक जायचीही वाट न बघता सगळं सांगून टाकलं. साईट, ओळ, आळ, लग्नाला यायचं नाही म्हटलेलं, सगळं. गिऱ्हाईक पुडी न घेताच बाजूला सरकलं. मी जमिनीकडं बघत होते. दादानं काट्यावरचं पातेलं खाली ठेवलं.

"म्हंजे वरीसभर तुमी दोघं असं समजून बसलासा?"

"व्हय."

"मग भांडायला यायचं की. हितं येऊन चार शिव्या द्यायच्या. गप बसायचं म्हंजे काय?" त्याचा आवाज चढला होता. मग तो माझ्याकडं वळला. "आणि तुला? तुला बी वाटलं हुतं?"

"भ्या वाटलं होतं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"बघितलंस न्हवं सगळं?"

"बघितलं."

"मग झालं." त्यानं गिऱ्हाइकाला पुडी बांधून दिली, हात पुसले आणि वहिनीला म्हणाला, "उद्या सकाळी त्याला घेऊन ये. मांडव घालायचाय."

"त्यांच्यानं काय बी उचलवत न्हाय, भावजी."

"उचलायला गडी ढीग मिळत्यात. पोरीचा काका कुठनं आणू मी?"

हे म्हणताना त्याला भरून आलं आणि तो काहीतरी शोधायचं निमित्त करून मागच्या खोलीत गेला. वहिनी तिथंच पोत्यावर बसली आणि रडायला लागली. गिऱ्हाईक बाई होती, तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला, काय झालंय ते न विचारता.

वहिनीला आणि मागच्या खोलीतल्या दादाला तसंच सोडून मी स्कूटर काढली. थोडं पुढं गेले आणि समोरचं नीट दिसेना, म्हणून कडेला थांबले आणि ओढणीत तोंड घालून पोटभर रडले. एक पोलीस जवळ येऊन विचारायला लागला, "काय झालंय ताई, कुणी धडक दिली काय?" मी म्हटलं, "न्हाय वं, सगळं बरं हाय. माझ्या भावाच्या पोरीचं लग्न हाय, आणि आम्ही सगळी हाय लग्नाला."