कडी जोडलेला रुपया

ऑनलाइन लिलावात राणीछाप चांदीचा रुपया मला निम्म्या किमतीत मिळाला. पाकीट उघडल्यावर कारण कळलं. नाण्याला बारीकशी कडी जोडलेली होती. संग्राहकांच्या लेखी असं नाणं बिघडलेलं. तरी स्वस्तात मिळाल्याच्या खुशीत मी ते बायकोला दाखवलं. तिने गुळगुळीत झालेली मागची बाजू अंगठ्याने चाचपली.

"अहो, हे कुणीतरी वर्षानुवर्षं गळ्यात घातलंय. अंगाला घासून झिजलंय. तिने स्वतः विकलं असेल, की तिच्यामागे मुलांनी?"

मी विकणाऱ्याला विचारलं, तर त्याचा निरोप आला, "माहीत नाही. त्याच माळेतली अजून अकरा आहेत, सुटी करून ठेवलीत. स्वस्तात देतो."

मी अकराही घेतली, पुन्हा एका दोऱ्यात ओवली. बायको ती माळ गळ्यात घालायला तयार नाही, आणि मला ती संग्रहात ठेववत नाही.