टेबलाच्या पायाची नाडी

आमचे सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. पेशंट आत आला की नजर थेट पावलांवर. नाव विसरले, तरी टाचेवरून माणूस ओळखायचे. पायांच्या रक्तवाहिन्यांवर त्यांनी पुण्यात जन्मभर संशोधन केलं, म्हणून सगळे त्यांना 'पायवाले सर' म्हणत.

वाकून, पावलावर दोन बोटं ठेवून ते नाडी बघत. बिबवेवाडीच्या आजीबाईंना वाटायचं, डॉक्टर पाया पडताहेत. त्या हटकून "औक्षवंत हो" म्हणत. सर तसेच वाकून थांबायचे. फुकट मिळालेलं पुण्यात कोणी सोडत नाही, म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली नवी होते. मार्केट यार्डातले हमाल बबनराव विड्यांपायी पाय गमावायच्या बेतात होते आणि सरांचं नवं औषध घेत होते. पावलाची नाडी गेली तर लगेच कळवायचं, एवढंच माझं काम. सर चार दिवस परगावी गेले. अंगठा काळवंडत होता, पण माझ्या बोटांना ठोके स्वच्छ लागत. मी रोज 'नाडी आहे' असं लिहीत राहिले.

सर परतले. बबनरावांचा पाय धरून बराच वेळ बसले. मग मला आपल्या खोलीत नेऊन टेबलाच्या पायावर बोटं दाबायला लावली.

"डोळे मिटा. काय लागतंय?"

लाकडात ठोके पडत होते. अगदी तसेच.

"जोरात दाबलं की आपलीच नाडी लागते. चारही दिवस ती तुमची होती."

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बबनरावांना आणि त्यांच्या बायकोला सर म्हणाले, "चूक माझी." मी शेजारी उभी होते. मला ते कधीच काही बोलले नाहीत. त्यापेक्षा चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी बबनराव कण्हायला लागले. नसलेलं पाऊल गार पडलंय, म्हणत होते. सरांनी समजूत घातली नाही. सपाट चादरीवर घोंगडी पसरली आणि त्या रिकाम्या जागेवर दोन बोटं ठेवली. हलकीच. बबनराव शांत झाले, पण सरांचा चेहरा उतरला. बोटांना काय लागलं, हे मी बाहेर आल्यावर विचारलं.

"विचारू नका," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

गेल्या वर्षी सर गेले. आता थंडी पडली की बबनराव मला फोन करतात. मी पांघरूण घालायला सांगते, त्यांना बरं वाटतं. परवा म्हणाले, "ताई, सरांची चूक म्या तवाच माफ केली. तुमी बी मनात ठिवू नका."

मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.