पित्तावरचं दूध

आमच्या कामात उजेड दिसला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. अंबाजोगाईला एका प्रयोगशाळेत मी यकृताच्या पेशींवर काम करते. पेशींना मुद्दाम चरबी खायला घालायची, दोन दिवस थांबायचं, मग एक रंग सोडून अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघायचं. निरोगी पेशीत तो रंग गप्प बसतो. चरबीनं पेशी आतून दाटली, रंगाला हलायला जागा उरली नाही, की तो चमकायला लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क "किती छान!" म्हणाले होते. अक्कल तेवढीच.

गेल्या वर्षी थोरला भाऊ तलवाड्याहून पोटाच्या सोनोग्राफीला आला. रिपोर्टात फॅटी लिव्हर, तेही बरंच पुढं गेलेलं. साखर, तूप, गोडधोड तोडा, नाहीतर लिव्हर कडक होत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. दादानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. बाहेर आल्यावर त्यानं रिपोर्टाची घडी करून माझ्या पर्समध्ये कोंबली.

"घरी पित्त हाय म्हणून सांग."

"कावून?" मी चिडलेच.

"लिव्हर म्हणलं की गाव म्हणतंय, ढोसत असंल. पोरीची सोयरीक बघायलोत. बापच पितो म्हणल्यावर कोण येतंय दारात?"

शिकलीसवरलेली मी, फोनवर वहिनीला म्हणाले, पित्त आहे. लग्न ठरेपर्यंतच, असं आमचं ठरलं. तोवर दादानं गुपचूप पथ्य पाळायचं.

पण वहिनी पडली मायाळू. पित्तावरचे सगळे उपाय तिला तोंडपाठ. सकाळी खडीसाखर घातलेलं थंड दूध, दुपारी मोरावळा, संध्याकाळी गुलकंद, वर चमचाभर तूप. तिनंच मला हे फोनवर कौतुकानं सांगितलं, तेव्हा मी पेशींना चरबी घालायच्या तयारीत उभी होते. लगेच दादाला फोन लावला.

"न्हाई म्हणलं की ती खोदून इचारती," तो म्हणाला. "दोन महिन्याचं काय एवढं?"

दोनाचे आठ महिने झाले. एक सोयरीक फिसकटली, दुसरी आली. पुन्हा तपासणीला ये म्हटलं की तो विषय बदलायचा. मला त्याचा राग यायचा, आणि त्याहून जास्त माझा.

परवा पोरीला बघायला पाहुणे आले म्हणून मी तलवाड्याला गेले. दादाला पाहून दारातच थबकले. डोळे पिवळट झालेले, सुजलेले पाय पायजम्यात दडवलेले. बसल्या बसल्या मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "तब्येत बरी न्हाई का तुमची?"

"पित्त हाय जरा," दादा म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरातली दवाखान्याची माहीतगार मीच.

"व्हय," मी म्हणाले. "पित्तच हाय."

तेवढ्यात वहिनी आतून दुधाचा पेला घेऊन आली आणि तो माझ्या हातात दिला. "तुमीच द्या वन्सं. माझ्या हातचं आताशा तसंच ठिवतेत."

म्हणजे तो टाळत होता. त्याच्या परीनं झुंजत होता, एकटाच. दादा माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मी काही बोलते का म्हणून. पाहुणेही बघत होते. मी पेला पुढं केला. त्यानं घोट घोट करत सगळं दूध संपवलं.